बजेट गेमिंग पीसी जोडताना: आधी स्क्रीन, मग कार्ड, मग वीज

‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरजीबी कॅबिनेट. गेमिंग पीसी फक्त अठरा हजारांत!’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काहीच नसतं. आय७ कोणत्या सालचा, एवढंच लिहायचं राहिलेलं असतं. या भावात हाती पडतो तो बहुधा आय७-२६०० किंवा आय७-३७७०, म्हणजे २०११-१२ चा प्रोसेसर. एव्हीएक्स२ ही आकडेमोड वेगाने करण्याची सोय इंटेलने २०१३ मध्ये चौथ्या पिढीपासून दिली, ती या दोन्हींत नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असावंच लागतं. आणि गेम ज्याच्या जिवावर चालतो त्या ग्राफिक्स कार्डाचा तर जाहिरातीत पत्ताच नाही.

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) दुकानात गेलात किंवा फोनवर भाव विचारलात, तरी पहिला प्रश्न ठरलेला: ‘आय५ पाहिजे की आय७?’ गेमिंगच्या पीसीत हा प्रश्न चौथ्या नंबरवर यायला हवा. आधी स्क्रीन ठरवा, स्क्रीनवरून कार्ड, कार्डावरून एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि मग प्रोसेसर-मदरबोर्ड. उलट्या क्रमाने गेलं की पैसे प्रोसेसर आणि लायटिंगमध्ये संपतात, शेवटी उरलेल्या दहा हजारांत ‘बसेल ते कार्ड’ घ्यावं लागतं, आणि पीसी दिसायला गेमिंगचा, चालायला ऑफिसचा होतो. इथे बजेट धरलं आहे साधारण ५० ते ६५ हजारांचं, मॉनिटर आणि यूपीएस सोडून. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव वर गेले आणि एसएसडीही महागले, त्यामुळे नेमक्या किमती लिहिण्यात अर्थ नाही. वाटणी मात्र सांगता येते: यातले ३५ ते ४० टक्के कार्डावर जाऊ द्या.

स्क्रीन आणि कार्ड

१०८०पी म्हणजे १९२० × १०८० ची स्क्रीन. तिच्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पी वर ३६.९ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, हे सगळे ठिपके रंगवायचे असतात, म्हणजे १४४०पी घेतलं की काम जवळपास पावणेदोन पट. बजेट पीसीसाठी १०८०पीच घ्या, पण ६० हर्ट्झऐवजी (हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) १४४ किंवा १६५ हर्ट्झचा आयपीएस पॅनल घ्या. पैशांचा फरक थोडा असतो, खेळताना तो लगेच कळतो. घरी आधीचा ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि तोच वापरायचा आहे, असं असेल तर कार्डही त्याच हिशोबाने घ्या. सेकंदाला दीडशे फ्रेम काढणारं कार्ड तिथे वाया जातं.

गेम कोणते, हेही आधीच ठरवा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेमना कार्ड हलकं चालतं, तिथे प्रोसेसर आणि रॅमचा वेग जास्त मोजला जातो. सायबरपंक २०७७ सारखे गेम कार्डाचा घाम काढतात. दोन्ही खेळायचे असतील तर कार्डाकडे झुका, कारण जड गेममध्ये दर्जा कमी करायलाही एक मर्यादा असते.

कार्ड बघताना आधी त्याची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, बघा. आज ८ जीबीच्या खाली नवं कार्ड घेऊ नये. ४ जीबीत नव्या गेमचे टेक्श्चर मावत नाहीत, मग ते साध्या रॅममधून ये-जा करतात आणि चित्र दर दोन-तीन सेकंदांनी अडकतं. सरासरी फ्रेम ५० दाखवते, तरी खेळवत नाही. आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॅट) हे २०२१ चं कार्ड असलं तरी १०८०पी साठी अजून कामाचं आहे, योग्य भावात मिळालं तर. आरटीएक्स ५०५० (८ जीबी, १३० वॅट) नवं आहे, डीएलएसएसचा (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) फायदा मिळतो. इंटेलचं आर्क बी५८० तब्बल १२ जीबीचं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला मदरबोर्ड आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं.

दोन सापळे मात्र नावातच आहेत. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारांत येतं. ८ जीबीचं मूळ कार्ड १३० वॅटचं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं ७० वॅटचं. दुसऱ्यात फक्त मेमरीच कमी नाही, आतली चिपही छाटलेली आहे. नाव तेच असल्याने कोटेशनमध्ये नुसतं ‘३०५०’ लिहिलेलं असतं. हे छोटं कार्ड फक्त एका ठिकाणी शोभतं: जुन्या ब्रँडेड ऑफिस पीसीत, जिथे एसएमपीएसला कार्डाची वेगळी वायरच नाही. दुसरं आरएक्स ६५०० एक्सटी. हे ४ जीबीचं आणि मदरबोर्डाशी फक्त चार पीसीआयई लेनने (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) बोलतं. पीसीआयई ४.० वर चालून जातं. ३.० च्या बोर्डावर, म्हणजे बी४५० किंवा ए५२० वर, रस्ता निम्मा होतो आणि मेमरी भरली की गेमचा वेग कोसळतो. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, तेव्हा स्ट्रीमिंग करायचं असेल तर ते नकोच.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, पण चालू अवस्थेत बघूनच. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर न्या. जुन्या भंगार कार्डाची बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेलं असेल, तर बहुतेक वेळा हा प्रोग्रॅम नावाआधीच ‘फेक’ लिहितो. आरएक्स ५८० असेल तर शेडरचा (चिपमधल्या छोट्या गणन-भागांचा) आकडा बघा: खऱ्याला २३०४, स्वस्त चिनी आवृत्तीला २०४८. मग वीस मिनिटं फरमार्क हा कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम चालवा. रंगीत ठिपके, रेषा, काळी स्क्रीन, पंख्याची घरघर यातलं काही दिसलं तर उठा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येत नाहीत, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. जुन्या १०६० साठी पैसे मोजताना हे लक्षात असू द्या. आणि डिसेंबरात घेतलेल्या कार्डाची खरी परीक्षा नागपुरात मे महिन्यातच होते.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

लोक सगळ्यात जास्त काटकसर इथेच करतात. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’चा एसएमपीएस फुकट आला की हजार-दोन हजार वाचल्यासारखे वाटतात. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही त्याच लाइनवर जगतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १६ = १९२ वॅट, एवढीच त्याची खरी ताकद. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट दिसतात.

आपल्या पीसीचा हिशोब करून बघा. आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० चे जास्तीत जास्त ८० च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. एकूण २६० वॅट. १९२ वॅटवाल्यावर डेस्कटॉप उघडतो, यूट्यूब चालतं, दुकानात ‘टेस्टिंग’ही पार पडतं. गेममध्ये गर्दी झाली की पीसी फटकन बंद पडून पुन्हा सुरू होतो. मग लोक विंडोज टाकून बघतात, रॅम बदलतात, कार्डाला दोष देतात. आमच्या मते ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा आणि निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस ही या पीसीतली न टाळण्याची खरेदी आहे. पुढे कार्ड बदललं तरी तो टिकतो.

आता भिंतीतली वीज. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ‘थोडी बॉडी मारते’ म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे लोखंडी डबा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबी केबल लावताना ठिणगी पडून पोर्ट जळायला तो पुरतो. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते आणि तिचा रोध वाढतो. जानेवारीत ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात लटकं पडतं ते यामुळे. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा.

यूपीएसचा आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. वर काढलेले २६० वॅट एसएमपीएसच्या ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीवर ३०६ होतात, त्यात मॉनिटरचे ३० मिळवा: ३३६. म्हणजे अगदी काठावर, बॅटरी वर्षभर जुनी झाली की लाइट जाताच पीसीही जाणार. १००० व्हीए घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस मोड’वर आहे का बघा. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होतो.

जूनच्या तोंडावर वादळी पाऊस सुरू झाला, की फक्त प्लग काढून भागत नाही. विजेचा झटका ब्रॉडबँडच्या तांब्याच्या तारेतून राउटरमध्ये आणि तिथून लॅन केबलने मदरबोर्डात शिरतो. ढग गडगडायला लागले की लॅन केबलही काढा. फायबर असेल तर बाहेरून ती भीती नाही, पण राउटरचा अॅडॅप्टर विजेवरच असतो. आणि लाइट गेली तर बटण बंद करून ठेवा, आल्यावर दोनेक मिनिटं थांबा. येताना पहिला धक्का मोठा असतो.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी

इथे निवड सोपी आहे. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, वर सांगितलेल्या बहुतेक कार्डांना पुरतात. फारच ताणलं तर आय३-१२१००एफ, चार कोअरचा. आजच्या गेमना तो चालतो, पण मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडं ठेवायची सवय असेल तर झटके बसतात. रायझन ५ ५५०० नाव बघून घेऊ नका. ५६०० पेक्षा त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई ३.०. गेममध्ये कॅशचा फरक दिसतो.

इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की तेवढे दिवस पीसी अंधारात. याच पीसीवर अभ्यासही होणार असेल, तर एफ नसलेला १२४०० थोडे जास्त देऊन घेणं शहाणपणाचं. (साध्या ५६०० मध्येही ग्राफिक्स नाही.) आत्ता कार्डाचे पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी घेऊन सहा महिने व्हॅलोरंटवर भागवता येतं. त्यातही कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.० असल्याने पुढे कार्ड लावल्यावर ५६०० इतका वेग मिळत नाही, हे ठाऊक असू द्या.

रायझन बनवणाऱ्या एएमडीचं एएम४ आणि इंटेलचं एलजीए१७०० हे दोन्ही सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आता वाढीच्या शेवटाला आले आहेत. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची इच्छा असेल तर एएमडीच्याच नव्या एएम५ कडे जा, पण तिथे डीडीआर५ शिवाय पर्याय नाही आणि बोर्डही महाग. ५०-६५ हजारांत तो फरक कार्डातून कापला जातो, म्हणून आम्ही तरी कार्डाच्या बाजूने. बोर्ड बी५५० किंवा एच६१०, त्यावर एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) चालणारा एम.२ स्लॉट हवाच. जुन्या साठ्यातला बी४५० बोर्ड ५६०० ला ओळखत नसेल तर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते. बायोस अपडेट केलेली आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा.

रॅम १६ जीबी, आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी घातली तर एक चॅनल रिकामा राहतो, प्रोसेसरला माहिती निम्म्या वेगाने मिळते. ५६००जी वापरत असाल तर त्याचं ग्राफिक्सही याच रॅममधून चालतं, तिथे हा तोटा दुप्पट जाणवतो. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. डीडीआर४ ३२०० च्या अनेक पट्ट्या सुरुवातीला २१३३ किंवा २६६६ वरच धावतात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू केल्यावर त्यांना लिहिलेला वेग मिळतो.

एसएसडी जमल्यास १ टीबी एनव्हीएमई. मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात, ५०० मध्ये दोन-तीनच बसतात. एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात, साटावाल्याही तशाच दिसतात आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतात.

नागपूरची गरमी

खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास दहा अंशांनी तापते. डिसेंबरात ७२ अंशांवर चालणारा प्रोसेसर नवतप्यात चाळीस अंशांच्या खोलीत ९० ला टेकतो, आणि ५६०० ची मर्यादा नेमकी ९० आहे. त्यापुढे तो जळत नाही, वेग कमी करून घेतो. म्हणून ‘उन्हाळ्यात गेम हळू चालतो’ ही तक्रार खरी असते. समोर काच असलेलं कॅबिनेट इथे घेऊच नका, हवा कुठून घेणार? पुढे जाळी, दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. डब्यासोबतच्या छोट्या हीटसिंकऐवजी १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर लावला की पुरे. कागदावर ६५ वॅटच्या अशा प्रोसेसरला लिक्विड कूलिंगची गरज नाही. एक फुकटचा उपाय: ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झएवढी बांधा. कार्ड उगाच जास्त फ्रेम काढणं थांबवतं आणि उष्णताही उतरते.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. हवा गार असते हे खरं, पण पॅड नीट बसला नसेल तर तिच्यासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात. बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे सुकतात आणि पावसाळ्यात दमटपणात वीज वाहून नेतात. कूलरला खिडकी उघडी लागते, त्यामुळे सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळही येते. एप्रिल ते जून पुढची जाळी आठवड्याला पुसा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

दुकानात

कोटेशन मागताना प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. ‘५५० वॅट एसएमपीएस’, ‘१६ जीबी रॅम’, ‘५१२ एसएसडी’ एवढंच लिहिलं असेल तर ‘सेम आहे भाऊ, फक्त कंपनी वेगळी’ ऐकायची तयारी ठेवा. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्या. ट्रेवरच्या सुट्याला कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही, दुकानदार देतो तेवढीच. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात, वॉरंटीच्या वेळी मात्र खरेदीची तारीख सिद्ध करता येत नाही. एक प्रश्न आवर्जून विचारा: कार्ड बिघडलं तर नागपुरातच जमा होतं, की कुरिअरने मुंबईला पाठवावं लागतं, आणि तो खर्च कोणाचा?

घरी आणल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. ही चूक इतकी सर्रास होते की ‘कार्ड चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारीत आधी तेच तपासावं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बदला, १४४ चा मॉनिटरही मुळात ६० वरच सुरू झालेला असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. मग एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडा ठेवून जड गेम तासभर चालवा, तोही दुपारी. काही बिघाड असेल तर तो याच आठवड्यात बाहेर काढा. दुकानदार लगेच बदलून देतो ते पहिले काही दिवसच, नंतर कंपनीच्या रांगेत उभं राहावं लागतं.